पुण्याजवळची मोठी झाडं डोंगरमाथ्यावर शोधू नका

तुमचा प्रश्न असा: कॅलिफोर्नियात रेडवूड पाहून आलात, आता बाणेरला राहता. पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी परत, मध्ये दोनेक तासांची डोंगरातली चाल, तेवढ्यात खरोखर जुनी, अवाढव्य झाडं कुठे बघायला मिळतील? सोबत आई आहेत आणि त्यांचे गुडघे कुरकुरतात.

आधी रेडवूड डोक्यातून काढा. ती झाडं शंभर मीटरच्या वर जातात. आपल्याकडे बेहड्याने तीस मीटर गाठले तरी खूप झालं. इथे मान वर करून बघण्यापेक्षा बुंध्याला हात लावून बघायचं असतं.

मी वीस वर्षं सह्याद्रीत भटकतेय. त्यातली पहिली सात-आठ वर्षं किल्ल्यांत आणि घाटवाटांत गेली. राजगड झाला, तोरणा झाला, नाणेघाट झाला, पण ज्याच्याकडे बघत पाच मिनिटं थांबावं असं एकही झाड लक्षात राहिलं नाही. मग एकदा एका चढाच्या सुरुवातीलाच माझा पाय मुरगळला. बाकीचे वर गेले आणि मला गावाबाहेरच्या देवळापाशी बसवलं, तीन तास. देवळामागे राई होती. दहा मिनिटांनी कंटाळून लंगडत आत गेले आणि समोर बेहडा. त्याच्या बुंध्याला पडद्यासारखी आधारमुळं, त्यांच्या दोन भिंतींच्या मध्ये मी आरामात मावत होते. वरून गारंबीचा वेल माझ्या मांडीएवढा जाड होऊन एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, खाली हातभर लांबीच्या शेंगा पडलेल्या. बाहेर मार्चचं रणरणतं ऊन आणि आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. मंडळी माथ्यावरून खाली आली आणि 'वर काय व्ह्यू होता!' म्हणाली. मी काही बोलले नाही. पुढच्या वेळी मी दोरी घेऊन गेले. जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजायची पद्धत आहे, पण आधारमुळं त्याच्याही वर गेली होती, म्हणून त्यांच्या वरून मोजला. पाच मीटरला थोडा कमी भरला.

म्हणजे उत्तर एका शब्दात: देवराई, देवाच्या नावावर राखलेलं रान. ट्रेकच्या याद्या चाळू नका, देव शोधा.

माथ्यावर मोठी झाडं का नसतात, याला कारण आहे. काळ्या खडकावर वीतभर माती आणि वरून पावसाळी वारा. महाबळेश्वरचं रान बघा. तिथली जांभळं, हिरडे, अंजनी वयाने तुमच्या-माझ्या आजीपेक्षा मोठी असतील, पण वाऱ्यापुढे बुटकीच राहिलेली. जुनं म्हणजे मोठं असं नसतं. झाड थोराड व्हायला माती साठणारी, वाऱ्याआडची जागा लागते, म्हणजे ओढ्याकाठ किंवा डोंगराचा पायथा. नेमकी तीच जागा माणसालाही हवी असते. भात-नाचणीच्या राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या दरवर्षी तोडल्या गेल्या. नंतर कोळसा आला. पानशेतच्या खोऱ्यात धरणासाठी रस्ता झाला आणि त्याच रस्त्याने रानाचा कोळसा होऊन पुण्याला आला. (पानशेत म्हटलं की आपल्याला १२ जुलै १९६१, धरण फुटलं तो दिवस, आठवतो. तिथल्या झाडांचं काय झालं, हे सहसा कुणाला आठवत नाही.) उरली ती देवीच्या नावावर सोडलेली तुकडा-तुकडा रानं, जिथे वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही असा दंडक. सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पुण्यातून जाऊन ही रानं पायी पालथी घातली आणि त्यांच्यावर लिहिलं. त्याआधी ती बहुतेक त्या-त्या गावापुरतीच ठाऊक होती.

घरबसल्या शोधायची माझी युक्ती सांगते. उपग्रहाचा नकाशा उघडा, शक्यतो उन्हाळ्यातलं चित्र असलेला. सगळा डोंगर तपकिरी दिसेल. त्यात वाडीजवळ गर्द हिरवा, कडा ठळक असलेला एखादा ठिपका दिसला आणि त्याच्या पोटात देऊळ असलं, तर ती बहुधा राईच. मग तिथे जाऊन विचारायचं. 'देवराई कुठे आहे?' म्हटलं तर कधीकधी समोरचा गोंधळतो. 'मामा, देवीचं रान कुठंय?' म्हटलं की हात आपोआप वर होतो.

आता नावं. आईंना घेऊन पहिल्यांदा जायचं तर ताम्हिणी, विंझाई देवीची राई. चांदणी चौकातून पौड, मुळशी करत साठेक किलोमीटर, आणि चाल जवळपास नाहीच. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र चुकूनही नको, सगळं पुणे धबधब्याखाली उभं असतं. दुसरं, पानशेतच्या पाण्याच्या कडेकडेने शिरकोली, शिरकाई देवी. रस्ता वळणावळणाचा आहे, पण तोच अर्धा आनंद. मावळात अजिवलीची वाघजाईची राई वेगळीच आहे, तिथे भेर्ली माड आहेत. हा माड शेकडो वर्षं जगत नाही. शेंड्याकडून फुलायला लागतो, फुलोरे एकेक करत खाली येतात आणि सगळ्यात खालचा संपला की झाड मरतं. तरीही बघाच, माडीसाठी जपलेलं रान सहसा बघायला मिळत नाही. आणि आहुपे, डिंभे धरणाच्या पुढे. जायलाच साडेतीन तास लागतात, त्यामुळे पहाटे पाचला निघायची तयारी असेल तरच. तिथलं रान मला सगळ्यात आवडतं. आजूबाजूच्या गावांत हिरडा गोळा करायचा हंगाम असतो, तेव्हा अंगणाअंगणात बाळहिरडा, म्हणजे कोवळी हिरड्याची फळं, वाळत घातलेला दिसतो.

अंधारबनाचं नाव तुम्हाला दहा जण सांगतील. रान दाट आहे, सुंदर आहे, पण ताम्हिणीकडच्या पिंपरी गावाहून (आपली पिंपरी-चिंचवडची नव्हे) भिऱ्यापर्यंत तेरा किलोमीटर, आणि आईंच्या गुडघ्यांना शेवटची उतरण झेपणार नाही. भीमाशंकरला गर्दी सोसवत असेल तर जा, शेकरू दिसेल. वेताळ टेकडीवर फिरायला जरूर जा, पण तिथे बरीचशी लावलेली गिरिपुष्पं, म्हणजे ग्लिरिसिडिया, आहेत.

वय मात्र कुणाला विचारू नका. गावात 'पांडवांच्या वेळचं' हेच उत्तर मिळेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत भरवशाच्या वार्षिक कड्या नसतात, त्यामुळे जाणकारही आकडा सांगायला कचरतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या शहरी भागातल्या वृक्ष कायद्यात पन्नास वर्षांवरचं झाड 'हेरिटेज'. त्या हिशेबाने मीही हेरिटेजच.

नोव्हेंबर ते मार्च जा. पावसात जळवा असतात, शिवाय धुक्यात शेंडा दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेहडा निष्पर्ण होतो, तेव्हा त्याच्या फांद्यांचा सगळा सांगाडा कळतो. आत शिरण्यापूर्वी वर बघा, मोठ्या झाडांवर आग्यामोहोळ असतं. अत्तर, सेंट, धूर, आरडाओरडा यातलं काहीही नको. काही ठिकाणी राईत पायताण चालत नाही, काही ठिकाणी आणखी नियम असतात. पटोत न पटोत, गावात आधी विचारून घ्या. त्या नियमांवरच ही झाडं उभी आहेत. हल्ली जीर्णोद्धाराच्या नावाखाली पत्र्याचा मंडप आणि फरशी घालायला कडेची झाडं जातात, ते बघून माझा जीव खालीवर होतो, पण त्यावर पाहुण्याने भाषण देऊ नये असं मला वाटतं. बुंध्याच्या फोटोबरोबर नेमकं ठिकाण टाकू नका, एवढं मात्र कराच. माझ्या त्या पहिल्या राईचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, ते त्यासाठीच.

आईंसाठी एक घडीची खुर्ची गाडीत टाका. देवळाच्या ओट्यावर सगळेच बसतात. खुर्ची थोडी आत, एखाद्या मोठ्या बुंध्यासमोर ठेवा आणि तुम्ही तासभर एकटे फिरून या.