उत्तरेकडच्या पट्ट्यात सावलीतली झाडे मे महिन्यात का करपतात?

पुण्यातील घराच्या उत्तरेकडील पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास लावलेले अ‍ॅग्लोनिमा (सावलीत वाढणारे, पानांसाठी लावतात ते शोभेचे झाड) मे महिन्यात करपले, मग ही जागा सावलीची म्हणायची की उन्हाची, आणि आंब्याखाली तरी ती झाडे जगतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते झाडांची निवड योग्यच होती. बदलली ती सावली.

डिसेंबरात पुण्याचा मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे भर दुपारीही भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ तिच्या उंचीइतकी पसरते. मेच्या मध्यावर मात्र तो थेट डोक्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत किंचित उत्तरेकडेच राहतो. या काळात तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे सरकून, म्हणून एरवी सावलीत असणाऱ्या पट्ट्यात सकाळी आणि दुपार कलल्यावर तिरपे ऊन शिरते. जूनपासून ढग ते अडवतात. खरी कसोटी मे महिन्याचीच. म्हणून जागा पारखायची ती मेमध्ये, आणि तीही सकाळी, दुपारी व चारच्या सुमारास.

पारख सोपी आहे. जमिनीवर पांढरा कागद ठेवून त्याच्या वीतभर वर हात धरावा. सावलीची कड रेखीव असेल तर ते थेट ऊन. कड पुसट, पण बोटे ओळखू येत असतील तर अ‍ॅग्लोनिमा, पीस लिली, कॅलेथिया आणि नेचे यांना मानवणारा प्रकाश. सावली जेमतेम दिसत असेल तर झाडे तग धरतील, पण पीस लिलीला फुले क्वचितच येतील. सकाळी नऊपर्यंतचे कोवळे ऊन यांतील बहुतेकांना चालते, पश्चिमेचे मात्र मुळीच नाही. पानावर कागदासारखा कोरडा, फिकट तपकिरी डाग पडला तर ऊन जास्त झाले. देठ लांबून झाड प्रकाशाकडे झुकू लागले तर ते कमी पडते आहे. पांढरे पट्टे असलेल्या जातींना हिरव्या पानांच्या जातींपेक्षा अधिक उजेड लागतो, आणि तरीही थेट उन्हात त्याच आधी भाजतात.

जुन्या आंब्याची सावली फार दाट असते. फळे उतरल्यावर खालच्या काही फांद्या विरळ केल्या की जमिनीवर कवडसे पडू लागतात, आणि अशा हलत्या उजेडात सह्याद्रीच्या जंगलातली रानहळद आणि भुईचाफा उत्तम रुजतात. हिवाळ्यात त्यांची पाने वाळली तरी कंद उपटू नयेत. पांढऱ्या चाफ्याखाली मात्र नाजूक पानांची झाडे लावणे मी टाळीन, कारण उन्हाचा कडाका सुरू होतो तेव्हा त्याच्या फांद्या बहुधा उघड्या असतात.

आपल्या उत्तरेच्या पट्ट्यासाठी एप्रिलपासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी पश्चिमेच्या बाजूने उभी बांधावी. करपलेल्या अ‍ॅग्लोनिमाचे खोड दाबून कठीण लागत असेल, तर ते फेकू नका, पावसाळ्यात नवी पाने फुटतील.