सहा वाद्यं घरात, हात मात्र रिकामे

‘कोणतं वाद्य घेऊ?’ असं विचारणाऱ्या पत्रांचा गठ्ठा दर महिन्याला फुगतो आहे. ‘आहे ते नीट कसं वाजवू?’ असं विचारणारी पत्रं कमीच. म्हणून या वेळी खरेदीची, संग्रहाची आणि रियाजाची पत्रं एकत्रच घेतो.

प्रश्न : माझं वय ४७. आता व्हायोलिन शिकायला सुरुवात केली तर येईल का?

येईल. शिक्षक मात्र याच आठवड्यात शोधा.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत जुनं व्हायोलिन सापडलं. आत ‘अँटोनियस स्ट्रॅडिव्हरियस’ अशी चिठ्ठी आहे. एकानं फोटो पाहून ‘अस्सल आहे, लगेच विका’ असं सांगितलं. काय करू?

फोटोवरून अस्सल ठरवणाऱ्या माणसापासून आधी दूर व्हा. एकोणिसाव्या शतकापासून युरोपातल्या कारखान्यांत व्हायोलिनं ढिगानं बनली आणि त्यातल्या हजारोंमध्ये स्ट्रॅडिव्हरी या विख्यात इटालियन कारागिराच्या नावाची हीच चिठ्ठी चिकटवली गेली. कोणत्या घडणीची नक्कल आहे, एवढंच त्या चिठ्ठीतून कळतं. तिच्यावर ‘जर्मनी’ असं छापलेलं असेल तर प्रश्नच मिटला. अमेरिकेनं १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर असे छाप सर्रास दिसू लागले.

अर्थात नक्कल म्हणजे टाकाऊ नव्हे. यातली काही वाद्यं सुरेख वाजतात. चिठ्ठी काढू नका, पॉलिश करू नका आणि स्वतः तारा चढवू नका. आतली आधारकाडी पडलेली असेल तर तारांच्या ताणानं वरची फळी तडकू शकते. व्हायोलिन बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला ते प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न : महागडं वाद्य घेतलं तर लवकर शिकता येतं का?

नाही. २०१० मध्ये इंडियानापोलिसला एका स्पर्धेच्या निमित्तानं जमलेल्या २१ व्हायोलिनवादकांना गडद चष्मे घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली होती. तीन नवी होती आणि तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरीची, एक ग्वार्नेरी या तितक्याच नावाजलेल्या इटालियन कारागिराचं. सर्वाधिक पसंती मिळाली एका नव्या व्हायोलिनला, आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हरीला. मुरलेल्या वादकांची ही स्थिती असेल, तर नवशिक्यानं किमतीच्या चिठ्ठीकडे बघून आवाज ठरवू नये.

पण सर्वांत स्वस्तही घेऊ नका. तारा बोटांखालच्या पट्टीपासून फार उंच असतील तर बोटं सोलून निघतात. खुंट्या सरकत असतील तर अर्धा वेळ सूर लावण्यातच जातो. ‘वाद्य, पिशवी, स्टँड आणि मोफत ऑनलाइन धडे’ असे जोड-संच विकले जातात, त्यात वाद्याची गुणवत्ता सोडून सगळ्याची जाहिरात असते. पैसे देण्यापूर्वी शिक्षकाला ते वाद्य वाजवून बघू द्या.

प्रश्न : पाच वर्षांत गिटार, युकुलेली, बासरी, कीबोर्ड, कहोन (पेटीसारखं तालवाद्य) आणि व्हायोलिन घेतलं. कशावरही दोन-तीन गाण्यांपलीकडे जात नाही. ‘माझं’ वाद्य अजून सापडलेलं नाही असं वाटतं. सारंगी घेऊन बघू का?

घेऊ नका.

वाद्य सापडलं नाही, हे खरं नाही. सहाही वेळा तुम्ही एकाच वळणावरून परत फिरलात. ते वळण मी ओळखतो, कारण माझ्याकडे शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथे अडतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने रोज काही ना काही नवं जमतं. मग काल बरा वाटलेला स्वर आज बेसूर ऐकू येतो. विद्यार्थी घाबरतो, त्याला वाटतं आपण मागे चाललो. खरं तर त्याचा कान पुढे गेलेला असतो आणि हात मागून येत असतात. दोन्हींची गाठ पडेपर्यंतचे महिने कंटाळवाणे असतात आणि वादक घडतो तो तेव्हाच. त्याच दिवसांत घरी नवा डबा आला की पहिल्या दिवसाचा आनंद पुन्हा मिळतो, आणि कान-हाताची गाठ राहून जाते. विक्रेते याला ‘पुढची पायरी’ म्हणतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण शिकू शकणारी माणसं यात वाया जाताना मी पाहिली आहेत.

वाद्य बदललं की काय होतं ते बघा. गिटारच्या तारेची वाजती लांबी साधारण ६५ सेंटिमीटर, व्हायोलिनची जेमतेम ३३. गिटारवर बोट थोडं मागेपुढे पडलं तरी पडदा (तारेखालची धातूची आडवी पट्टी) सांभाळून घेतो. व्हायोलिनला पडदेच नाहीत, तिथे मिलिमीटरभरानंही स्वर ढळतो. बासरीत बोटांइतकंच काम ओठांचं आणि श्वासाचं. लय आणि कान तेवढे तुमच्यासोबत येतात, हात पुन्हा पहिलीच्या वर्गात बसतात. सारंगीत तार बोटाच्या टोकानं दाबत नाहीत, नखाच्या मुळापाशी बाजूनं टेकवतात. शिवाय पस्तीसच्या आसपास तरफेच्या, म्हणजे न छेडता निनादणाऱ्या, तारा रोज सुरात लावायच्या. कंटाळा घालवायला हे वाद्य निवडणं म्हणजे तिचाही अपमान आणि तुमचाही.

सहांपैकी एक निवडा. कोणतं, हे एकट्यानं ठरवू नका. एखाद्या शिक्षकाला दोन-तीन वाद्यांवर जे येतं ते वाजवून दाखवा आणि त्याचं ऐका. बाकीची कुणाला तरी वापरायला द्या, नुसती डोळ्यांआड ठेवली तर महिन्यात परत बाहेर येतील. मग सहा महिने रोज पंचवीस मिनिटं. रविवारी सलग तीन तास बसून ती भरपाई होत नाही. हाताला शिकवलेलं मधल्या झोपेत पक्कं होतं, म्हणून दिवस जास्त लागतात. आठवड्यातून एकदा तोच तुकडा फोनवर रेकॉर्ड करा. आठव्या आठवड्यात पहिला आठवडा ऐका. तोवर ऐकू नका.

प्रश्न : न वाजवलेलं वाद्य ‘मरतं’ असं एक जण म्हणतो, नुसतं ठेवलं तरी जुनं होऊन गोड होतं, असं दुसरा. खरं काय?

दोन्ही ऐकीव. स्ट्रॅडिव्हरीचं १७१६ चं ‘मसाया’ नावाचं व्हायोलिन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे, फारसं न वाजवता ते उत्तम टिकलं. प्रसिद्ध व्हायोलिनवादक पॅगानिनीनं इटलीतल्या जिनोव्हा शहराला दिलेलं १७४३ चं ग्वार्नेरी अधूनमधून वाजवलं जातं, तेही टिकलं. दोन्हींची निगा राखली जाते, हे महत्त्वाचं. लाकडी तंतुवाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. हवा फार कोरडी झाली की भेगा पडतात, फार दमट झाली की जोड सुटतात. वाजवून झाल्यावर गज सैल करा. बंद पेटीत गजाचे केस खाणाऱ्या किड्याच्या अळ्या होतात, म्हणून पेटी मधूनमधून उघडा. भेग दिसली तर झटपट चिकटणारा गोंद ओतू नका. मूळ सरस उष्णतेनं आणि ओलाव्यानं सोडवता येतो, हा गोंद कारागिराच्या हाताला सुटत नाही. ‘सुट्टीत दाखवू’ म्हणेपर्यंत भेग लांबते.

प्रश्न : मला वाजवायचंच नाही, फक्त जमवायचं आहे. हे चूक आहे का?

मुळीच नाही. राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा संच दिला. ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाच्या सुरुवातीच्या संग्रहात तो होता. तिथले पहिले संग्रहपाल माहियों यांनी केलेल्या वाद्यांच्या चार वर्गांचं नाट्यशास्त्रातल्या तत (तारांची), सुषिर (फुंकीची), अवनद्ध (चामडं मढवलेली), घन (ठोक्याची) यांच्याशी स्पष्ट नातं आहे. संग्रहाचा असा अभ्यास करता येतो. प्रत्येक वाद्याची नोंद ठेवा: कुठून आलं, कुणी बनवलं, काय बदललं. परदेशातून जुनं वाद्य आणत असाल तर आधी तिथल्या आणि इथल्या परवाना खात्याला विचारा. ब्राझीलचं रोजवूड १९९२ पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे, आणि हस्तिदंताचेही कडक नियम आहेत. ‘सगळे असंच आणतात’ हे विक्रेत्याचं उत्तर पुरेसं नाही.

प्रश्न : रियाजानंतर करंगळीला मुंग्या येतात. सराव वाढवल्यावर जातील का?

सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, शक्यतो वादकांचे हात तपासण्याचा अनुभव असलेल्यांना. त्यानंतर शिक्षकांकडून बैठक आणि मनगट तपासून घ्या.

प्रश्न : पहिल्या शिकवणीला दोनपैकी कोणती गिटार नेऊ?

जिच्या खुंट्या सरकत नाहीत ती. दुसरी घरी ठेवा.