खताच्या अंशामुळे खाडीतले मासे का मरतात?

प्रश्न : आमच्या खाडीत उन्हाळ्याच्या अखेरीस काही दिवस पहाटे बोय मासे मरून तरंगताना दिसतात. कारखान्याचे रसायन सोडले असावे, असे गावात बोलले जाते. मात्र शेतातले खत आणि सांडपाणी यांमुळेही असे होते, असे वाचनात आले. ज्याने पीक वाढते त्याने मासे कसे मरतील? शिवाय शहरात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असताना असे का व्हावे?
— एक वाचक, वसई

उत्तर : पाणी तपासल्याशिवाय रसायनाची शक्यता नाकारता येणार नाही; परंतु आपण नोंदवलेली पहाटेची वेळ फार महत्त्वाची आहे. खतातील व मैल्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर सूक्ष्म शैवाल भरमसाट वाढते. दिवसा ते प्राणवायू सोडते, पण रात्री तेही इतर जिवांप्रमाणे नुसता प्राणवायू वापरते आणि सूर्योदयाच्या सुमारास साठा तळाला जातो. मुळात 30 अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. त्यात मेलेले शैवाल तळाशी बसून कुजते आणि ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात.

अमेरिकेतील चेसापीक या विशाल खाडीत दर उन्हाळ्यात हेच घडते. नद्यांचे हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर पसरून राहते, भरती-ओहोटीची घुसळण तेथे कमी असते, आणि खोल भागातील प्राणवायू लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला की खेकडे उथळ पाण्याकडे सरकतात. आपल्याकडे उधाणाची भरती पाणी चांगले ढवळते. भांगेच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, मात्र हा धोका वाढतो. ओहोटीला चिखल काठीने उकरून पाहावा. खालचा थर काळा असणे स्वाभाविक आहे, पण पृष्ठभागच काळा पडून कुजक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर तेथवर प्राणवायू पोहोचत नाही असे समजावे. अशा गाळातून पूर्वी साठलेला फॉस्फरसही पुन्हा पाण्यात उतरतो, म्हणून बाहेरून येणारा अंश घटल्यावरही सुधारणा दिसण्यास वर्षे लागतात.

शुद्धीकरण केंद्राबद्दलची आपली शंका रास्त आहे. साधे केंद्र कुजणारा मैला कमी करते, मात्र विरघळलेला नायट्रोजन बऱ्याच अंशी तसाच बाहेर पडतो. तो काढण्यासाठी, नायट्रेटचे (विरघळलेल्या नायट्रोजनच्या एका रूपाचे) वायूत रूपांतर करणाऱ्या जिवाणूंचा स्वतंत्र टप्पा लागतो. चेसापीकच्या खोऱ्यातील अनेक केंद्रांनी तो बसवल्यावर त्यांच्याकडून येणारा नायट्रोजन मोठ्या प्रमाणात घटला. शेतांतून वाहून येणारा तेवढा घटला नाही, आणि 2010 मध्ये ठरवलेली, प्रदूषण घटवण्याची 2025 ची उद्दिष्टे पूर्ण होऊ शकली नाहीत.

आपण विरघळलेल्या प्राणवायूची तपासणी पहाटे आणि दुपारी, पृष्ठभागाजवळ तसेच तळाजवळ, अशी करून घ्यावी. केवळ दुपारचा नमुना दिशाभूल करतो. सोडलेल्या पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस मोजले जातात का, हेही महानगरपालिकेकडे लेखी विचारावे.