जूनचे पैसे मार्चमध्ये खर्चू नकोस

प्रिय दोस्ता,

मॉक ऑफसीझनमध्ये, म्हणजे दोन हंगामांमधले संघबांधणीचे निर्णय चाहत्यांनी घेऊन बघण्याच्या खेळात, तुला संघ मिळाला आणि तुझा पहिलाच प्रश्न ‘कुणाला घेऊ?’ असा आहे. त्याचं उत्तर या पत्रात बरंच खाली येईल. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या, जनरल मॅनेजरला, मग तो खरा असो की आपल्यासारखा हौशी, आधी दोन गोष्टी ठाऊक हव्यात: पैसे किती आणि ते हातात कधी. पहिली सगळेच बघतात. नवखे अडकतात ते दुसरीत.

पहिल्या दिवशी फक्त कमिशनरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, नियमावली वाच. प्रत्येक सिम्युलेशनचे कायदे वेगळे असतात. आकडे कुठून धरायचे (बहुतेक ठिकाणी ओव्हर द कॅप किंवा स्पॉटरॅक या वेबसाइटवरून), रीस्ट्रक्चरला, म्हणजे कराराच्या फेरमांडणीला, मर्यादा आहे का, फ्री एजंट (कुठल्याच संघाशी करार नसलेले खेळाडू) लिलावात जातात की एजंटच्या भूमिकेतली माणसं निवड करतात, पुढच्या वर्षीच्या पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, मिळणाऱ्या पाळ्या) विकता येतात का, हे शोधून ठेव. जे लिहिलेलं नाही ते बोली सुरू व्हायच्या आत विचार. नंतर विचारलेल्या शंकेत सगळ्यांना डाव दिसतो.

आता कॅप, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा. २०२५ साली प्रत्येक संघासाठी ती २७९.२ मिलियन डॉलर होती, पण हा आकडा जसाच्या तसा तुझा नव्हे. आदल्या वर्षी न वापरलेली रक्कम पुढे ओढता येते, त्यामुळे प्रत्येक संघाची अ‍ॅडजस्टेड कॅप निराळी. तीच धर. शिवाय ऑफसीझनमध्ये ९० खेळाडू ठेवता येत असले तरी कॅपमध्ये मोजतात ते सर्वांत महागडे ५१, बाकीच्यांच्या बोनसचा त्या वर्षीचा हिस्सा आणि डेड मनी (काढलेल्या खेळाडूंच्या बोनसचा अंगावर पडलेला भाग). म्हणजे ४ मिलियनचा खेळाडू घेतलास की ४ जात नाहीत. यादीतला एक्कावन्नावा, समजा ०.९६ मिलियनवाला, हिशेबाबाहेर सरकतो आणि खरा खर्च होतो ३.०४. ड्राफ्टचंही तेच. सात नवोदितांच्या करारांची पहिल्या वर्षाची बेरीज १० मिलियन दिसत असेल, तर ते सात जणांना खाली ढकलतात आणि प्रत्यक्षात सव्वातीनच्या आसपास लागतात. नवा माणूस पूर्ण १० बाजूला काढतो आणि त्यापायी एक बरा गार्ड (आक्रमणाच्या पुढच्या रांगेतला खेळाडू) हातचा घालवतो.

उलट्या बाजूने, काही रक्कम राखावीच लागते. प्रॅक्टिस स्क्वॉडच्या, म्हणजे सरावासाठी ठेवलेल्या, १६ जणांचे वर्षाला जवळपास ४ मिलियन होतात. सप्टेंबरमध्ये ५१ ऐवजी सगळेच मोजले जातात, आणि जायबंदी खेळाडूच्या जागी आणलेल्याचा पगारही वेगळा. मी ८ ते १० मिलियन राखायला सांगेन. सिम्युलेशन ड्राफ्टनंतर संपत असलं तरी परीक्षण करणारे तिथे बोट ठेवतातच.

खेळाडू काढण्याकडे येऊ. साइनिंग बोनस खेळाडूच्या खिशात लगेच पडतो, पण कॅपवर तो कराराच्या वर्षांत, जास्तीत जास्त पाच, सारखा वाटला जातो. खेळाडू काढलास की न वाटलेला सगळा भाग एकदम अंगावर येतो. तीच डेड मनी. एक उदाहरण कागदावर मांड. कराराची तीन वर्षं उरलीत, यंदाचा मूळ पगार १२ आणि बोनसचा वार्षिक हिस्सा ४, म्हणजे कॅप हिट (त्या वर्षी कॅपवर पडणारी रक्कम) १६. आज काढलास तर तीन वर्षांचे ४-४-४ मिळून १२ डेड, सुटले फक्त ४.

इथे लोकांना ‘पोस्ट जून १’ची आठवण होते. प्रत्येक संघाला दोन खेळाडू मार्चमध्येच काढून त्यांच्यावर हा शिक्का मारता येतो. मग यंदा डेड फक्त ४, सुटले १२, आणि उरलेले ८ पुढच्या वर्षीच्या माथी. ऐकायला झकास. पण १ जूनपर्यंत तो खेळाडू तुझ्या वहीत पूर्ण १६ चाच राहतो. ते १२ मिलियन २ जूनला मोकळे होतात, आणि तोवर बाजारातला चांगला माल संपलेला असतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हे १२ धरून बोली लावणारा जनरल मॅनेजर दर सिम्युलेशनमध्ये भेटतो. हिशेब तपासणारा जागरूक असेल तर त्याचे दोन करार रद्द होतात. आणि ही सवलत पैसे वाचवत नाही, दोन वर्षांत वाटते. डेन्व्हरने मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सनला असंच सोडलं तेव्हा डेड मनी ८५ मिलियन होती: ५३ त्या वर्षी आणि ३२ पुढच्या.

मग जूनच्या पैशांचा उपयोग काय? राखीव रकमेसाठी आणि नवोदितांच्या करारांसाठी. ड्राफ्ट झालेल्या खेळाडूची सही होईपर्यंत तो किमान पगारावर मोजला जातो, त्यामुळे वरच्या पिकच्या सह्या जूनपर्यंत लांबवता येतात. मार्चमध्ये राखायचे ते १० आणि नवोदितांचे सव्वातीन जूनच्या १२ मधून भागवायचे असं मांडलंस, तर मार्चची जवळजवळ सगळी रोकड फ्री एजंटवर लावता येते. हे तुझ्या वहीत दोन वेगळ्या रकान्यांत दिसलं पाहिजे: ‘मार्च’ आणि ‘जूननंतर’. एकाच रकान्यात बेरीज केलीस की घोळ झालाच म्हणून समज.

रीस्ट्रक्चर हे दुसरं हत्यार. मूळ पगाराचा भाग बोनसमध्ये बदलायचा आणि पुढे वाटायचा. २०२५ ला चार ते सहा वर्षं खेळलेल्याचा किमान पगार १.१७ मिलियन होता. समजा एखाद्याचा पगार १६.१७ आहे आणि तीन वर्षं उरलीत. १५ मिलियन बोनस केलास तर दरवर्षी ५, म्हणजे यंदा १० सुटले आणि पुढच्या दोन्ही वर्षांवर ५-५ चढले. मागे दोन ‘व्हॉइड’ वर्षं, म्हणजे नुसती कागदावरची वर्षं, जोडलीस तर दरवर्षी ३, यंदा सुटले १२. पण तीन वर्षांनी करार संपताच उरलेले ६ एकदम कोसळतात, तेही अशा माणसासाठी जो तुझ्याकडे खेळतच नाही. खेळाडू सहसा नाही म्हणत नाही, कारण त्याला रोकड लगेच मिळते. म्हणून हे सोपं वाटतं आणि म्हणूनच अति होतं. न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी वर्षानुवर्षं असे पैसे पुढे ढकलले आणि दर मार्चला त्यांची सुरुवात कॅपच्या वरूनच होत राहिली. कॅप दरवर्षी वाढेलच असंही नाही: २०२० ला १९८.२ असलेली २०२१ ला कोविडमुळे १८२.५ वर आली.

माझा नियम साधा आहे. तिशीच्या आतला आणि दोन वर्षांनी नक्की हवाच आहे, अशाचंच रीस्ट्रक्चर करायचं. पुढच्या वर्षी ज्याला काढायचं मनात आहे, त्याच्या कराराला हात लावायचा नाही.

ट्रेडमध्ये लोक एक गोष्ट विसरतात. खेळाडू दुसऱ्याला दिलास तरी त्याच्या बोनसचा उरलेला भाग तुझ्याकडेच पडतो, आणि ट्रेडला जूनचा शिक्का मारता येत नाही. तो खरोखर १ जूननंतरच करावा लागतो. अटलांटाने २०२२ ला मॅट रायन इंडियानापोलिसला दिला तेव्हा हाती आली तिसऱ्या फेरीची एक पिक आणि वहीत ४०.५ मिलियन डेड. घेणाऱ्याकडे फक्त उरलेला पगार जातो. त्यामुळे पगारातला काही भाग आपण उचलला तर किंमत वाढते. डेन्व्हरने २०२१ च्या हंगामात व्हॉन मिलर रॅम्सना देताना त्याच्या उरलेल्या पगारातले ९ मिलियन स्वतः भरले, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची पिक पदरात पडली. सिम्युलेशनमध्ये ही युक्ती फार कमी जण वापरतात. वापर.

पिकच्या अदलाबदलीसाठी डॅलसचे जुने प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांचा, प्रत्येक पिकला गुण देणारा जुना तक्ता जवळ ठेव. डॅलसमधून आलेला तो तक्ता आज वरच्या पिकना जरा जास्तच भाव देतो, पण समोरचा बहुतेक वेळा तोच उघडून बसलेला असतो. पहिली पिक ३०००, दहावी १३००, सोळावी १०००, साठावी ३००. म्हणजे दहावी देऊन सोळावी अधिक साठावी घेतलीस तर सौदा बरोबरीचा. पुढच्या वर्षीची पिक साधारण एक फेरी खाली धरतात. मात्र स्वतःची पुढची पहिली फेरी विकताना ‘आपण जिंकणारच, ती शेवटची असेल’ असं गृहीत धरू नकोस. कॅरोलायनाने २०२३ ला पहिल्या पिकसाठी शिकागोला ९ वी, ६१ वी, २०२४ ची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी आणि डीजे मूर दिला. त्या हंगामात कॅरोलायना २-१५ वर संपली आणि दिलेली पिक २०२४ ची अव्वल ठरली. शिकागोने तिच्यावर केलेब विल्यम्स घेतला.

फ्रँचाइझ टॅगबद्दल (करार संपणाऱ्या खेळाडूला ठरलेल्या भावाने एक वर्ष रोखून धरण्याची सोय) एवढंच: गार्ड, सेंटर आणि टॅकल तिघांचा टॅग एकाच ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ भावाने लागतो, आणि तो भाव टॅकलच्या करारांनी वर नेलेला असतो. २०२५ ला तो २३.४ मिलियनच्या घरात होता. कॅन्सस सिटीने तरीही ट्रे स्मिथ या गार्डला टॅग लावला आणि जुलैत लांबचा करार केला. तुझं सिम्युलेशन एप्रिलमध्ये संपत असेल तर जुलै येणारच नाही; पूर्ण भाव वहीत धर.

आता तुझा प्रश्न. फ्री एजंटला बोली लावताना एकूण आकडा मोठा दिसावा आणि पहिलं वर्ष हलकं राहावं, अशी रचना कर. चार वर्षं, ८० मिलियन घे. बोनस २४, म्हणजे दरवर्षी ६. मूळ पगार २, १४, १८, २२. कॅप हिट पडतात ८, २०, २४, २८. पहिल्या दोन वर्षांचे ४० मिलियन पूर्ण हमीचे. दोन वर्षांनी जमलं नाही तर डेड १२ आणि सुटतात १२, म्हणजे बाहेर पडायला दार आहे. एजंटची भूमिका करणारा हुशार असेल तर ८० कडे बघणारच नाही, हमीचे ४० विचारेल. तिथे तुटेपर्यंत ताणू नकोस. हमी वाढव, वर्षं वाढवू नकोस.

पहिल्या तासात सगळ्यात मोठ्या नावावर ३२ जण तुटून पडतात आणि भाव फुगतो. तुझ्या यादीत प्रत्येक जागेसाठी तीन नावं ठेव आणि प्रत्येकापुढे कमाल आकडा लिहून ठेव, बोली सुरू व्हायच्या आधी. चाहत्यांच्या बाजारात रिसीव्हर आणि एज रशर महाग जातात. गार्ड, सेफ्टी आणि नोज टॅकल दुसऱ्या आठवड्यात स्वस्त सापडतात. आणि दुसऱ्या संघाने काढून टाकलेला खेळाडू घेतलास तर कॉम्पेन्सेटरी पिकच्या (फ्री एजंट गमावल्याच्या भरपाईत मिळणाऱ्या पिकच्या) गणितात तो धरत नाहीत. करार संपलेला खेळाडू घेतलास, तर तू गमावलेल्या एकाच्या बदल्यात मिळणारी पिक उडू शकते. म्हणून सारख्याच किमतीचे दोघे असतील तर काढलेला घे.

ड्राफ्टची तयारी गंमतीची, पण एक शिस्त पाळ. तुझी पिक विसावी असेल तर वीस नावं क्रमाने लिहून कमिशनरकडे आधीच दे. तुझ्याआधी एकोणीसच जाणार, एक उरतोच. क्वार्टरबॅकचा, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्याचा, अंदाज मात्र कुणी बांधू नये. २०२२ ला पहिल्या फेरीत एकच गेला, तोही विसावा. २०२४ ला पहिल्या बारांतच सहा गेले. तुला क्वार्टरबॅक नको असेल तर अशी धावाधाव तुझ्या फायद्याची, कारण तेवढे बाकीचे चांगले खेळाडू खाली सरकतात. सिम्युलेशनमध्ये ही धावाधाव अधिकच होते. घरच्या संघाला क्वार्टरबॅक नाही, हे चाहत्याला सहन होत नाही.

शेवटी ५३ जणांची यादी जागेनुसार भरून बघ: साधारण २५ आक्रमणाचे, २५ बचावाचे आणि तीन स्पेशालिस्ट. तिसरा स्पेशालिस्ट म्हणजे लाँग स्नॅपर, किकसाठी चेंडू मागे फेकणारा. तो हमखास विसरला जातो. २०२२ च्या पहिल्या फेरीत निवडलेल्यांचा पाचव्या वर्षाचा पर्याय (नवोदित करार एक वर्ष वाढवण्याचा संघाचा हक्क) २०२५ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला ठरवायचा होता, तसा तुझ्या संघात कोण आहे तेही बघ. तो घेतला की रक्कम पूर्ण हमीची होते.

कोणाला काढतोयस आणि कोणाचं रीस्ट्रक्चर करतोयस, एवढी यादी दोन्ही रकान्यांसकट पाठव. बोलीचं त्यानंतर बोलू.

तुझा,
काका

ता. क. वेळ नीट लिहून ठेव. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे न्यूयॉर्क आणि आपल्यातलं अंतर साडेदहावरून साडेनऊ तासांवर येतं. तिथली दुपारची चारची मुदत म्हणजे आपल्याकडे रात्री दीड, आणि तारीख पुढची. ड्राफ्टची पहिली फेरी तिथे रात्री आठला, आपल्याकडे पहाटे साडेपाचला. दीडपर्यंत जागणार नसशील तर बोली कमाल आकड्यासकट झोपण्याआधी पाठवून दे.