ट्रेलर ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो. मोठा ऑइल कूलर बसवला की भागेल का?

तुम्ही लिहिलंय की एसयूव्ही ऑटोमॅटिक आहे, मागे दोन टनांचा ट्रेलर असतो, लांबच्या चढावर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा पेटला आणि मेकॅनिकने मोठा कूलर बसवायला सांगितलं. कूलर बसवाच. पण तो बसवून गाडी आधीसारखीच चालवलीत तर दिवा थोडा उशिरा पेटेल, एवढंच. कूलर झालेली उष्णता बाहेर टाकतो. ती मुळात किती व्हावी, हे बरंचसं तुमच्या पायावर आणि गिअरच्या दांड्यावर ठरतं.

ही उष्णता मुख्यतः इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये होते. एका बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे आहेत आणि डबा तेलाने भरलेला आहे, असं समजा. इंजिनकडचा पंखा तेल ढकलतो आणि ते तेल गिअरबॉक्सकडच्या पंख्याला फिरवतं. दोघांच्या वेगात फरक राहिला की तेल घुसळलं जातं आणि तापतं. इंजिन 80 किलोवॅट देतंय आणि कन्व्हर्टर त्यातले 85 टक्केच पुढे पाठवतोय, असं धरलं तर 12 किलोवॅट नुसते तेल तापवायला गेले. म्हणजे दोन किलोवॅटच्या सहा शेगड्या त्या डब्यात पेटवल्यासारखं झालं.

यावर उपाय कन्व्हर्टरमध्येच असतो: लॉकअप क्लच. तो लागला की दोन्ही पंखे एकमेकांना जखडले जातात, घसरण थांबते आणि तापमान उतरू लागतं. ट्रेलर ओढणाऱ्याने दुसरं काही शिकलं नाही तरी चालेल, पण लॉकअप लागलाय की सुटलाय हे ओळखायला शिकावं. सपाट रस्त्यावर एका गिअरमध्ये गाडी स्थिर चालू असताना अॅक्सिलरेटर किंचित दाबा. आरपीएमचा काटा वेगाच्या काट्याबरोबरच हळूहळू चढला तर लॉकअप लागलेला आहे. वेग तोच आणि आरपीएम मात्र दोनतीनशेने उडी मारून वर गेले, तर तो सुटलाय. चढावर पाय खाली दाबत गेलं की नेमकं हेच होतं: लॉकअप सुटतो, मग गिअर उतरतो, जरा वेग आला की परत वरचा गिअर पडतो आणि पुन्हा उतरतो. हा खेळ दहा मिनिटं चालला की तेल तापणारच.

म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरवा. टो/हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची सेटिंग) असेल तर ट्रेलर जोडल्या क्षणी लावा. त्याने वरचा गिअर उशिरा पडतो, बऱ्याच गाड्यांत लॉकअप लवकर लागतो आणि उतारावर इंजिनचा ब्रेकही मिळतो. हा मोड नसेल तर ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करा किंवा मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली धरून ठेवा. इंजिन 3000-3500 आरपीएमवर ओरडतंय म्हणून घाबरू नका. मीही सुरुवातीला आवाजाला घाबरून वरचा गिअर टाकायचो. खालच्या गिअरमध्ये पाण्याचा पंप आणि गिअरबॉक्सचा तेलपंप दोन्ही जोरात फिरतात आणि कूलरमधून तेल जास्त जातं. वरच्या गिअरमध्ये इंजिन शांत वाटतं, पण तिकडे कन्व्हर्टर भाजत असतो.

दुसरी गोष्ट वेग. गाडी आणि ट्रेलर मिळून साडेचार टन धरले, तर शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी 80 ने जायला नुसत्या चढासाठी सुमारे 59 किलोवॅट लागतात, ताशी 60 ने सुमारे 44. हवेचा विरोध यात धरलेला नाही, आणि ट्रेलरचं तोंड भिंतीसारखं असतं. सपाट रस्त्यावरसुद्धा ताशी 100 वरून 80 वर आलात तर हवा कापायला लागणारी ताकद जवळपास निम्मी होते. चढावर उजव्या बाजूने लोक पुढे निघून गेले तर जाऊ द्यावं.

वजनाचं थोडक्यात सांगतो. कंपनीने दिलेल्या ओढक्षमतेत ट्रेलर बसला म्हणजे झालं असं नाही. गाडी, माणसं, सामान, पाणी आणि ट्रेलर या सगळ्यांच्या एकत्र वजनाचीही मर्यादा पुस्तिकेत असते. एकदा सगळं भरून वजनकाट्यावर नेऊन बघा. अंदाज जवळपास नेहमीच कमी निघतो.

आता जे फार कुणी सांगत नाही ते. माझ्या गाडीचं तापमान सगळ्यात जास्त चढलं ते महामार्गावर नाही, मुक्कामाच्या जागी. चढावरच्या अरुंद जागेत ट्रेलर मागे घालत होतो. थोडा मागे, थोडा पुढे, ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरलेली. वीसएक मिनिटांत 94 अंशांचं 126 झालं आणि करपलेला वास आला. गाडी उभी आणि इंजिन जोर लावतंय, अशा वेळी इंजिनची जवळजवळ सगळी ताकद तेलातच जिरते आणि समोरून वाराही नसतो. तेव्हापासून चढावर थांबायचं असलं की ब्रेक वापरतो, तीनचार प्रयत्नांनंतर विश्रांती घेतो आणि जमीन कच्ची असेल तर फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) लावतो, कारण त्यात कन्व्हर्टरवरचा भार पुष्कळ कमी होतो. पक्क्या रस्त्यावर वळण घेताना मात्र फोर-लो लावू नका, त्याने ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यावर, ताण येतो.

दिव्यावर विसंबू नका, तो पेटतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी सॉकेटला (गाडी तपासायच्या यंत्रासाठी डॅशबोर्डखाली असतं ते) लावायचा छोटा स्कॅनर घेतला तर बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान मोबाइलवर दिसतं. साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअस ठीक. काही नवे गिअरबॉक्स मुद्दाम 100 च्या आसपास चालवतात, म्हणून आधी ट्रेलर न जोडता तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा बघून ठेवा. 110 ला मी गिअर आणि वेग उतरवतो, 120 ला जागा बघून थांबतो. तेलाच्या बाबतीत जुना ठोकताळा असा की दर 10 अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. 120 च्या वर बराच वेळ गेला तर तेलाचा चिकट थर व्हॉल्व्हवर बसायला लागतो, आणखी वर गेलं की सील कडक होतात.

थांबलात की इंजिन लगेच बंद करू नका. हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे लावा, न्यूट्रलमध्ये हजार-बाराशे आरपीएमवर पाचदहा मिनिटं चालू ठेवा. तेल कूलरमधून फिरत राहिलं तरच थंड होईल. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये तेल कूलरकडे जातच नाही, म्हणून न्यूट्रल म्हणतोय. पण गाडीत चालक बसलेला हवा.

कूलर घेताना एकावर एक पट्ट्या रचलेला घ्या. त्याच आकाराच्या नळीच्या कूलरपेक्षा तो बरंच जास्त काम करतो. तेलाचा क्रम गिअरबॉक्स, मग रेडिएटरमधला कूलर, मग हा नवा कूलर आणि परत गिअरबॉक्स असा ठेवा. थंड प्रदेशात जाणार असाल तर थर्मोस्टॅटचा बायपास असलेला, म्हणजे थंड तेल कूलरला वगळून वळवणारा, घ्या. जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी तो बसवू देऊ नका, कंपनांनी जाळी घासून गळती लागते. ब्रॅकेटच लावायला सांगा. नंतर तेलाची पातळी पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला तपासा, कारण कूलर आणि नळ्यांत भरलेलं तेल गिअरबॉक्समधून कमी झालेलं असतं. आणि रेडिएटरच्या समोरची माती-किडे पाण्याच्या हलक्या धारेने काढा. नुसत्या तेवढ्यानेही फरक पडतो.

दिवा पेटल्यामुळे आत काही बिघडलं असेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. पुढच्या प्रवासाआधी तेल आणि फिल्टर बदलून घ्या. ‘आयुष्यभराचं तेल’ असं कंपनी म्हणत असली तरी ओझं ओढणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत बहुधा वेगळं, कमी अंतराचं वेळापत्रक असतं. तेल तिथे दिलेल्याच प्रकाराचं भरा. सम्प (गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) उघडतील तेव्हा स्वतः हजर राहा. तेल तपकिरी असलं, पण करपट वास नसला तर बदलून निर्धास्त जा. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी तेलात आलंय. मग गाडी चालू करू नका. तळाशी एक चुंबक असतं. त्यावर राखाडी, मऊ लगदा असणं स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे चकाकते तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचे काळे कण भरपूर दिसले, तर गिअरबॉक्स उघडून बघेपर्यंत ट्रेलर जोडू नका.