शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेमच्या बातम्या आणि सेलच्या लिंक टाकतो, पण कोणी काही बोलतच नाही. डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमवाल्यांच्या गप्पांच्या ॲपवर, जावं का? तुमच्याकडे असे ग्रुप कसे चालतात?

भाऊ, "लिंक टाकतो" म्हणता ना, गडबड तिथंच आहे. नुसती लिंक कोणी उघडत नाही. वर इंग्रजीत काहीतरी, खाली ७५ टक्के ऑफ, आणि वाचणारा कुठं बसला आहे तर कृषी केंद्राच्या काउंटरवर, समोर युरियासाठी भांडणारे लोक. तो एक अंगठा टाकते आणि धंद्याला लागते.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुका. आमचा ग्रुप शाळेतल्या गेमवाल्या पोट्ट्यांचा, निम्मे गावाकडं, बाकी नागपूर-पुणे, एक जण सुरतला. मधात ग्रुप पार मरायला टेकला होता, नुसते गुड मॉर्निंग चालू होते. मग हळूहळू आमच्यात अशी पद्धत पडली की डील टाकायची तर आपल्या माणसाचं मशीन, नेट आणि खिसा पाहून टाकायची. म्हणजे लिंकच्या वर मराठीत लिहायचं की रुपयात किती पडते, कधीपर्यंत आहे, डाउनलोड किती जीबी आहे आणि ग्राफिक कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर चालते का. एवढं लिहायचा कंटाळा असेल तर टाकूच नका.

यातला जीबीवाला मुद्दा शहरातल्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. जीटीए फाइव्ह हा गेम शंभर जीबीच्या आसपास जाते, आता दिवसाला २ जीबीच्या रिचार्जवर तो उतरवायचा म्हटलं तर पन्नास दिवस घरात कोणी यूट्यूब लावायचं नाही, आई सिरीयल पाहणार नाही, आणि रात्री लाईट राहिली पाहिजे ते वेगळंच. म्हणून आमच्याकडं ज्याच्या घरी यवतमाळला फायबर आहे तो गेम उतरवते आणि सणावाराला गावात येताना हार्डडिस्क घेऊन येते. स्टीमचा, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा, गेम असला तर त्याच्या स्टीमॲप्स फोल्डरच्या आतल्या कॉमन फोल्डरमधून गेमचं अख्खं फोल्डर कॉपी करायचं, आपल्या मशीनवर त्याच जागी टाकायचं आणि मग इन्स्टॉल दाबायचं, स्टीम आधी आहे त्या फाइल तपासते आणि जे कमी असेल तेवढंच खाली ओढते. २०२३ पासून तर अजून सोपं झालं, दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर असले की स्टीम स्वतःच एका मशीनवरून दुसऱ्यावर गेम पाठवते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पण होते. फक्त गेम दोघांनी विकत घेतलेला पाहिजे, हे काही चोरीचं काम नाही. हे सांगितल्यावर आमच्या ग्रुपवर जेवढी चर्चा झाली तेवढी कोणत्याच डीलवर झाली नव्हती, कारण हे त्यांच्या कामाचं होतं ना बाप्पा.

खिशाचं म्हणाल तर स्टीमचा समर सेल येते जूनच्या शेवटी, म्हणजे बरोबर पेरणीत. बियाणं, खत, डवरणी, त्यात पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणीचं टेन्शन, अशा वेळी शेतकऱ्याच्या पोराला "भाऊ फक्त ४९९" असा मेसेज टाकला तर तो शिव्याच देईल. विंटर सेल येते डिसेंबरच्या शेवटी, तेव्हा कापूस थोडाफार विकलेला राहते, तेव्हा टाका, तेव्हा रिप्लाय येते. जूनमध्ये फक्त विशलिस्टमध्ये, म्हणजे स्टीमवरच्या आवडीच्या यादीत, टाकून ठेवा म्हणायचं, भाव पडला की स्टीम स्वतःच मेल पाठवते. आणि स्टीमडीबी नावाच्या साइटवर त्या गेमचा आजपर्यंतचा सगळ्यात कमी भाव पाहून घ्यायचा, पुष्कळदा "९० टक्के ऑफ" म्हणून नाचतो तो भाव दर सेलला तोच राहते, घाई करायचं कामच नाही. भारतात २०१५ पासून रुपयात भाव दिसतात, यूपीआयने पैसे जातात, आणि घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांच्या आत खेळलेला असला तर रिफंड मिळते. हा रिफंडवाला नियम ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्येच टाकून ठेवा, घेणाऱ्याची भीती जाते.

फुकटवाल्यांसाठी गुरुवार. एपिक म्हणजे स्टीमसारखंच दुसरं दुकान, ते दर गुरुवारी फुकट गेम बदलते, आपल्याकडं उन्हाळा-पावसाळ्यात रात्री साडेआठला आणि हिवाळ्यात साडेनऊला, कारण तिकडं अमेरिकेत घड्याळ मागंपुढं करतात. लोकांना वाटते फुकट गेम घ्यायला कॉम्प्युटर लागते. नाही लागत, मोबाईलच्या ब्राउझरवरून लॉगिन करून घेतला की तो कायमचा तुमच्या खात्यात. आमच्यातला एक जण लॅपटॉप नसताना कित्येक महिने दर गुरुवारी गेम घेऊन राहिला होता, हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाईट, मोटर सुरू झाली की धुऱ्यावर बसून क्लेम करायचा आणि ग्रुपवर "घेतला बे" एवढंच टाकायचा. पोट्टे लय हसत, "टीव्हीवर खेळशील काय रे भैताडा". मग त्याने सेकंडहँड लॅपटॉप घेतला तर त्याच्याकडं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त गेम निघाले. आता तोच गुरुवारची आठवण टाकते, अन् सगळे ऐकतात त्याचं.

फक्त एक गोष्ट कडक ठेवा. "फ्री यूसी", "फ्री डायमंड" (मोबाईल गेममधले पैसे), "इथं लॉगिन करा" असल्या लिंक आल्या की लगेच डिलीट, टाकणारा सख्खा भाऊ असला तरी. गावाकडं लहान भावाच्या हातात बापाचाच फोन राहते आणि त्यातच फोनपे राहते, समजून घ्या.

बातम्यांचं सांगतो. अफवा टाकायच्याच नाही. जीटीए सिक्सचंच पाहा ना, ट्रेलर आला डिसेंबर २०२३ मध्ये, आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६, आणि मधात यूट्यूबवाल्यांनी किती तारखा विकल्या त्याचा हिशोब नाही. कंपनीने सांगितलं तेवढंच टाकायचं, बाकी धुरळा. पण जी बातमी आपल्या माणसाला लागू होते ती नीट समजावून टाका. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला तेव्हा गावात बोंब झाली की गेमवर बंदी आली. एकाच्या वडिलांनी तर लॅपटॉप विकून टाक म्हणून मागंच लागले. मग ग्रुपवर एकाने व्हॉइस नोट टाकली, की काका, बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या गेमवर, रमी अन् टीम लावायचे जे चालू होते त्यावर, ई-स्पोर्ट्स म्हणजे गेमच्या स्पर्धा आणि साधे गेम तसेच चालू आहेत. ती व्हॉइस नोट त्याने घरी ऐकवली. लॅपटॉप वाचला.

आता आठवणी, ग्रुप खरा यानेच बोलका होते. पण "कोणाकोणाला आठवते व्हाइस सिटी" (जीटीएचा जुना गेम) असं टाकू नका, त्यावर चार हार्ट येतात आणि संपलं. असं काही विचारायचं की उत्तर फक्त तुमच्याच पोट्ट्यांकडं असेल. आम्ही तालुक्याला कॉम्प्युटर क्लासला जायचो, भारनियमन जोरात, सरांनी कोपऱ्यातल्या एका मशीनवर आयजीआय हा बंदुकीचा गेम टाकलेला होता, प्रॅक्टिकल लवकर संपवलं की खेळू द्यायचे. एक जण माउसवर, एक कीबोर्डवर, आणि तिसऱ्याचं काम म्हणजे गेममधला वरून दिसणारा नकाशा उघडला की "डाव्या हाताला दोन उभे आहे" म्हणून ओरडायचं. आयजीआयमध्ये मिशनच्या मधात सेव्ह करताच येत नव्हतं. अलार्म वाजला की बॅरेकमधून शिपाई निघतच राहायचे, निघतच राहायचे, ते सगळे निपटवून शेवटच्या गेटपर्यंत आलो की लाईट जायची आणि यूपीएस टूं टूं करायला लागायचा. तिकडून सर ओरडायचे "शटडाउन करा रे", आणि इकडं कीबोर्डवाला "एक मिनिट सर, एक मिनिट सर" करत पळत सुटायचा.

तर एकाने ग्रुपवर एवढंच विचारलं, त्या दिवशी यूपीएस बंद पडला तेव्हा कीबोर्डवर कोण होतं? झालं ना भाऊ सुरू. जो वर्षभर एक शब्द बोलला नव्हता, आता झेडपीच्या शाळेवर मास्तर आहे, त्याची लांबलचक व्हॉइस नोट आली की मी नव्हतो, माझ्यावर उगाच नाव घालता, माउसवाल्याने बॉम्ब फेकला म्हणून उशीर झाला. रात्री एक वाजेपर्यंत भांडण चालू. सुरतवाल्याने झेरॉक्सच्या दुकानातून घेतलेलं व्हाइस सिटीच्या चीटकोडचं पान शोधून फोटो टाकला, पॅन्झर म्हणजे रणगाडा आणायच्या कोडला पेनने गोल केलेला. मग कोणीतरी म्हणालं चला जुना व्हाइस सिटीच खेळू, तर कळलं की २०२१ मध्ये नवीन डेफिनिटिव्ह एडिशन आली तेव्हा जुना स्टीमवरून काढून टाकला. म्हणजे आठवणीतून बातमी निघाली, बातमीतून डीलचा विषय निघाला, नवीनवाला सेलमध्ये कितीला पडते, माझ्या मशीनवर चालते का, असं. तुमच्याकडं उलटं चालू आहे, आधी डील आणि मग माणूस.

डिस्कॉर्डचं म्हणाल तर खेळताना बोलायला चांगलं आहे, नेट कमी असलं तरी आवाज बरा येते, त्यासाठी एक सर्व्हर काढून ठेवा. पण अख्खा ग्रुप तिकडं नेऊ नका. दोघं-तिघं येतील, बाकीचे ॲप टाकतील, पासवर्ड विसरतील आणि परत व्हॉट्सॲपवर "काय चालून राहिलं बे" विचारतील. त्यापेक्षा येत्या गुरुवारी तुमच्यातल्या सगळ्यात गप्प माणसाला फुकट गेमचं काम लावून द्या आणि तुम्ही एक हप्ता लिंक टाकणं बंद करा.