पहिली-दुसरीच्या मुलांना चित्रकलेच्या तासाला ठसेकामातलं सोपं काय देता येईल? वर्गात ४० मुलं आहेत.

भेंडी द्या. हे सगळेच सांगतील, पण कोवळी नको, जून घ्या. जून भेंडी आडवी कापली की पाच कप्प्यांचं फूल स्वच्छ उमटतं, कोवळी मुलांच्या हातात चेंगरते. अन्नाची नासाडी करता म्हणून कोणी बोलायला आलं, तर जून भेंडी तशीही कोणी शिजवत नाही. नागपुरात गोकुळपेठेच्या बाजारात मी आदल्या दिवशी सांगून ठेवते. कांदा, पानकोबी, कारलं हेही चालतं. पानांमध्ये पळसाचं पान छान, फक्त रंग मागच्या बाजूला लावायचा, शिरा तिकडे उठून असतात.

आता आलू. त्यावर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात प्रत्येकाला अर्धा आलू दिला होता. शाई संपलेल्या बॉलपेनने आपल्या नावाचं पहिलं अक्षर त्यावर कोरायचं आणि छापायचं. उलटं उमटेल हे मी मुद्दाम सांगितलं नाही. एका मुलाने ‘ग’ कोरला होता. कागद उचलला आणि बघतच राहिला, काना डावीकडे गेलेला. म्हणाला, “मॅडम, आलूवर तर मी बरोबर काढला होता जी!” मग आलू कागदाशेजारी धरून कितीतरी वेळ कधी इकडे, कधी तिकडे बघत होता. मी काहीच बोलले नाही. त्याने दुसरा आलू मागून घेतला, ‘ग’ उलटा कोरला आणि सुलटा छापून दाखवला. तोवर सगळा वर्ग त्याच्याभोवती. मी विचारलं, उलटं छापलं तरी बदलणार नाही असं अक्षर कोणतं? सगळी बाराखडी फळ्यावर आली, शेवटी एक मुलगी ओरडली, “ठ!” इतक्या वर्षांत असा तास मला दुसरा मिळाला नाही.

त्या मुलाचे दोन्ही ‘ग’ एकाच कागदावर, शेजारी शेजारी, मी स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात लावले. सकाळी बघते तर कागद भिंतीवर नाही. पर्यवेक्षिका म्हणाल्या, उलटी अक्षरं पाहून पालक काय म्हणतील, यांना ‘ग’ही येत नाही? बाकीच्या ठशांवर कोणीतरी स्केचपेनने रेघा ओढून ते ‘नीट’ केले होते. तो मुलगा आईला घेऊन आला आणि आपला कागद शोधत फिरला.

माझे बाबा नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. शिशाच्या प्रत्येक खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. जुळवलेली अख्खी लग्नपत्रिका ते उलटीच, न अडखळता वाचायचे आणि छापण्याआधीच चूक पकडायचे. त्या हुशारीवर आमचं घर चाललं. म्हणून ठशातलं उलटं अक्षर ज्याला चूक वाटते, त्याला छपाई कळलेलीच नाही, असं मी स्पष्ट म्हणते. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मला हे धड बोलता आलं नव्हतं, गळा दाटून आला होता.

तेव्हा तुमच्या मुलांच्या ठशांना कोणालाही हात लावू देऊ नका. फिका आला, हलला, दुहेरी उमटला, तसाच लावा. आणि उलटा आलेला सगळ्यात वर.

पोस्टर कलर दह्याइतका दाट ठेवा आणि ताटलीत ओल्या स्पंजवर पसरा. ब्रशने लावायला ४० मुलांना वेळ पुरत नाही. कापलेला आलू फडक्याने कोरडा करा, नाहीतर पाणी सुटून रंग पसरतो. कापाकापी घरूनच करून न्या, वर्गात सुरी नको. फेब्रुवारी सरला की आपल्याकडे रंग ताटलीतच वाळतो, त्यामुळे हे पावसाळ्यात किंवा थंडीत घ्या.

अक्षर कोरणं मात्र पहिलीला झेपणार नाही, ते तिसरी-चौथीचं काम. तुमच्या वयाच्या मुलांना महालक्ष्म्यांच्या आसपास पावलं द्या. मुठीची करंगळीकडची कड रंगात टेकवून कागदावर दाबायची, वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके. घरी आईला, आजीला करताना त्यांनी पाहिलेलं असतं. दोन मुठींतून डावं-उजवं पाऊल निघतं. कोणत्या मुठीतून कोणतं, ते सांगू नका, त्यांना शोधू द्या.